खेकडे, घुशी आणि खालच्या अंगाची वस्ती : मातीच्या बांधांचा आपला इतिहास

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. हे काही कोयना नव्हे की उजनी नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी घातलेला मातीचा बांध, अशा आकाराचे बांध महाराष्ट्रात गावोगाव आहेत. खालच्या भेंदवाडीत माणसे जेवणे आटोपून आडवी होत होती, तेवढ्यात पाणी आले आणि २३ जणांचा जीव गेला. बांधाला गळती लागली आहे, हे गावकरी आधीपासून सांगत होते. पण बांध फुटल्यावर तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी (हे मूळचे आपल्याच माढा तालुक्यातले) कारण सांगितले ते खेकड्यांचे. खेकड्यांनी बांध पोखरला म्हणे.

त्याच्या आदल्याच वर्षी, २७ सप्टेंबर २०१८ ला, पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि झोपडपट्टीतले संसार वाहून गेले. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनीही घुशी, उंदीर आणि खेकड्यांवरच बोट ठेवले होते. हाच कालवा पुढे इंदापूरकडे, म्हणजे उजनीच्या काठाकडे येतो. लागोपाठ दोन वर्षे, दोन खाती, आणि आरोपी एकच प्राणी! लोकांनी तेव्हा यावर भरपूर विनोद केले. विनोदाने राग निवला आणि प्रश्न तिथेच राहिला.

उजनीकाठच्या गावांतल्या कार्यकर्त्यांनी हा विषय आपला मानला पाहिजे, असे आम्हाला वाटते. उजनीच्या भिंतीबद्दल सगळे बोलतात. पाणी किती टक्के, मृतसाठ्यात किती, किती दरवाजे उघडले, हे पावसाळ्यात रोज पेपरात येते. पण करमाळा, माढा, इंदापूर या तालुक्यांत ओढ्यानाल्यांवर जे पाझर तलाव, गाव तलाव आणि नालाबांध आहेत, त्यांच्याबद्दल कोण बोलते? ते कुणी बांधले, त्यांचे पाणी कुणाला मिळाले आणि ते फुटले तर कुणाच्या दारात येईल, हा इतिहास आहे आणि तो जातीचा इतिहास आहे.

बांध फुटणे ही काही आजची गोष्ट नाही. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे. त्या खडकावर सम्राट अशोकाची शासने कोरलेली आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असते. त्याच खडकावर महाक्षत्रप रुद्रदामनाचा इ. स. १५० च्या सुमाराचा लेखही आहे, तो मात्र आपण वाचत नाही. तो लेख एका धरणाचा आहे. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने सुदर्शन नावाचा तलाव बांधला, अशोकाच्या काळात तुषास्फ या यवन अधिकाऱ्याने त्याला पाट काढून दिले, पुढे मोठ्या वादळी पावसात नद्यांना पूर आला आणि बांधाला ४२० हात लांबीचे खिंडार पडले, असे त्यात लिहिले आहे. खिंडार एवढे मोठे की राजाच्या मंत्र्यांनी दुरुस्तीचा नाद सोडून द्या असा सल्ला दिला. लोक हवालदिल झाले. मग सुविशाख या पहलव अधिकाऱ्याने ते काम पूर्ण केले. खर्च राजाच्या खजिन्यातून झाला आणि त्यासाठी प्रजेवर कर लादला नाही, विष्टी म्हणजे वेठ घेतली नाही, असे लेख मुद्दाम सांगतो.

राजाने स्वतःची कोरलेली स्तुती आहे, तेव्हा ती जशीच्या तशी खरी मानायचे कारण नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. बांध किती फुटला, कुणी दुरुस्त केला, पैसा कुठून आला, हे दगडावर लिहून ठेवणे त्या राज्यकर्त्याला गरजेचे वाटले. आणि वेठ घेतली नाही हे अभिमानाने सांगावे लागले, याचा अर्थ एरवी बांधाची माती वेठीच्या माणसांकडून वाहून घ्यायची रीतच होती. पुढे गुप्तकाळात स्कंदगुप्ताच्या राज्यात हाच बांध पुन्हा फुटला आणि पुन्हा बांधला गेला, तेही त्याच खडकावर आहे. आपल्या तालुक्यातल्या किती पाझर तलावांची एवढी नोंद सापडेल?

वेठ करणाऱ्यांची नावे मात्र खडकावर नसतात, ती लोककथेत सापडतात. गुजरातमध्ये पाटणच्या सहस्रलिंग तलावाची कथा आहे. तलावाला पाणी लागेना, म्हणून सिद्धराज जयसिंहाच्या काळात अस्पृश्य विणकर समाजातल्या मायाचा बळी दिला गेला, आणि मरताना त्याने आपल्या समाजासाठी राजाकडे सवलती मागून घेतल्या. गुजरातचे दलित आजही वीर मेघमायाचे नाव घेतात. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. पण तलावाच्या पायात कुणाचा जीव जातो, हे समाजाच्या आठवणीत कसे बसले आहे ते तिच्यातून कळते. तामिळ मुलखात तर तलावाच्या मोऱ्या उघडणे, पाणी पाळीने सोडणे, पावसाळ्यात रात्रभर बांधावर पहारा देणे ही कामे परंपरेने दलितांकडेच होती. बांधाची राखण त्यांची, आणि त्या बांधाच्या पाण्याला हात लावला तर विटाळही त्यांचाच.

आपल्याकडे गावाची रचनाच उतारावर झालेली आहे. वरचा पाणवठा सवर्णांचा, खालचा महार-मांगांचा. आमच्या अंगावरून गेलेले पाणी वरच्यांकडे जाऊ नये म्हणून वस्ती खालच्या अंगाला. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा पाण्यावरचा हक्क सांगितला गेला. पण खालच्या अंगाला राहण्याची सक्ती मोडली का? गावठाण बदलले, घरकुले आली, तरी पुष्कळ गावांत आपली वस्ती अजून ओढ्याच्या कडेला, सखल जागेत, गायरानाच्या तुकड्यावर आहे. ओढ्याच्या वरच्या बाजूला बांध घातला की हीच जागा धरणाखालची जागा होते. विटाळाच्या हिशेबाने ठरलेली जागा अशी धोक्याची जागा झाली, त्यासाठी कुणाला वेगळा कट करावा लागला नाही.

आता सोलापूरकडे येऊ. या जिल्ह्यात मातीची मोठी धरणे इंग्रजांनी बांधली. सोलापूरजवळचा एकरुख तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, १८६६ ते १८७१ या काळात झाला. त्यानंतर १८७६-७७ चा भीषण दुष्काळ पडला आणि दुष्काळी कामावर आष्टीचा तलाव सुरू झाला. साताऱ्याच्या हद्दीतला म्हसवडचा तलावही त्याच दुष्काळाचा. या कामांवर मजुरी किती द्यायची याचा हिशेब सर रिचर्ड टेम्पल यांनी घातला होता : माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एवढ्यावर दिवसभर माती वाहायची. मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने ओरड केली, तेव्हा कुठे सरकार हलले. दुष्काळात सर्वांत आधी कामावर कोण जाते? ज्याच्या घरात धान्याची कणगी नाही तो. महार, मांग, रामोशी, वडार, आणि कर्जात बुडालेले कुणबी.

शंभर वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला आणि तोच खेळ नव्या नावाने झाला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग आणि पाझर तलाव. आमच्या भागातल्या आज्या अजून लाल मिलो आणि सुकडीची चव सांगतात. डोक्यावर पाटी, कडेवर पोर आणि काठीला बांधलेल्या झोळीत दुसरे पोर. याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. रोजगार हमीला आम्ही कमी लेखत नाही. त्या योजनेने आमच्या लोकांना पाटलाच्या वाड्यापुढे हात पसरण्यापासून वाचवले, कामाचा हक्क कायद्यात आणला. पण त्या कामातून जे उभे राहिले त्याचे काय झाले, हे विचारायला हवे.

पाझर तलावाचे काम नावातच आहे. त्यातून पाट निघत नाही. पाणी अडते, जमिनीत पाझरते आणि खालच्या विहिरींना उतरते. म्हणजे पाण्याचा लाभ विहीर असलेल्याला. विहीर कुणाची? जमीन असलेल्याची. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कनिष्ठ वतने नष्ट करण्याच्या कायद्याने सरकारजमा झाल्या आणि भोगवट्याची किंमत भरली तर परत मिळणार होत्या. किती जणांना ती वेळेत भरता आली, किती जमिनी नंतर कवडीमोलाने हातातून गेल्या, हे प्रत्येक गावातल्या म्हाताऱ्याला विचारून बघा. तेव्हा ज्या बाईने पाटी वाहिली तिच्या विहिरीला पाणी आले नाही, कारण तिला विहीर नव्हती. तिला मिळाली त्या दिवसांची मजुरी. आणि बांध मात्र तिच्या वस्तीच्या वरच्या अंगाला कायमचा उभा राहिला.

तो बांध आज पन्नास वर्षांचा झाला आहे. मातीच्या बांधाचे वय दिसत नाही, म्हणून तो कसा टिकतो आणि कसा मरतो हे कार्यकर्त्याला कळले पाहिजे. इंजिनिअर नसलो तरी एवढे समजते. मधे चिकण मातीचा दाबून भरलेला गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाचे कवच, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, आणि एका टोकाला सांडवा. दगडी बांधावरून थोडा वेळ पाणी गेले तर तो बहुधा निभावतो. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेले की तो बघता बघता कापला जातो. म्हणून सांडवा हा त्याचा जीव. तोच सांडवा वेड्या बाभळींनी भरतो, कुणी त्याच्या खालचा ओढा नांगरून शेतात घेतो, कुणी जास्त पाणी थांबावे म्हणून सांडव्यावर मातीची पोती रचतो. हे करणारा बहुधा वजनदार बागायतदार असतो, त्याला बोलणार कोण?

दुसरे मरण आतून येते. सगळ्याच मातीच्या बांधांतून थोडे पाणी झिरपते. ते स्वच्छ असेल आणि वाढत नसेल तर घाबरायचे कारण नसते. पण पायथ्याला येणारे पाणी गढूळ झाले, तर बांधातली माती वाहून निघाली आहे. खेकड्याचे बीळ, घुशीचे बीळ, वाळलेल्या बाभळीचे कुजलेले मूळ, हे सगळे पाण्याला वाट करून देतात, हे खरेच आहे. मंत्री खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. बांध म्हटला की त्यात बिळे होणारच, आणि म्हणूनच वर्षातून दोनदा बांध फिरून बघायचा असतो, झुडपे काढायची असतात, बिळे बुजवायची असतात. खेकडा हे देखभाल न झाल्याचे लक्षण आहे. त्यालाच कारण म्हणून पुढे करणे म्हणजे मुकादमाची चूक मजुरावर घालण्यासारखे आहे.

अमेरिकेतही असेच घडले होते. २६ फेब्रुवारी १९७२ ला वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या बफेलो क्रीक खोऱ्यात कोळसा कंपनीने खाणीच्या राडारोड्याचा घातलेला बांध फुटला. खाली खाणकामगारांच्या वाड्या होत्या, १२५ माणसे मेली. पिटस्टन कंपनीने सांगितले, ही देवाची करणी. तिकडे देव, इकडे खेकडा. दोघांवरही खटला चालवता येत नाही.

पानशेतला मात्र खेकडे नव्हते. १२ जुलै १९६१ ला फुटलेले तेही मातीचेच धरण. काम पुरे झालेले नसताना त्यात पाणी अडवले गेले, पाणी सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत गेला, लष्कराच्या जवानांनी रात्रभर पोती रचली तरी सकाळी बांध गेला आणि त्यामागून खडकवासलाही. पुणे शहर बुडाले म्हणून त्याची चौकशी झाली, आयोग बसला, पुस्तके निघाली. एखाद्या वाडीवरचा पाझर तलाव फुटला तर तलाठी पंचनामा करतो आणि पिकाचे नुकसान लिहितो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. तिवऱ्यात गेलेली माणसे बहुतेक साध्या शेतकरी कुटुंबांतली होती. ते दलित हत्याकांड होते असा आमचा दावा नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. खालच्या अंगाला राहणाऱ्याची तक्रार ऐकायची नसते, ही सवय या व्यवस्थेला हजारो वर्षे आमच्यावर लागली. एकदा सवय लागली की ती जात विचारत बसत नाही. म्हणून भेंदवाडीच्या लोकांचा प्रश्नही आमचा आहे, आणि आमचा प्रश्न त्यांनी आपला मानावा असे आम्ही म्हणतो.

उजनीकडे पाहिले तरी सुरक्षेचा हाच अर्थ दिसतो. भिंत १९८० मध्ये पूर्ण झाली, ११७ टीएमसीचा यशवंतसागर भरला, जुनी गावे पाण्याखाली गेली, पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात वर डोकावते. भिंतीवर पहारा आहे, यंत्रे आहेत, अधिकारी आहेत. पण जलाशयाने रस्ते तोडल्यामुळे करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला जायला माणसे साध्या बोटीत बसतात. २१ मे २०२४ च्या वादळात अशी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. जानेवारी २०२३ मध्ये मोहोळ तालुक्यात पाटकुलजवळ उजनीचा डावा कालवा फुटला आणि उभी पिके गेली. धरण सुरक्षित राहिले, पण धरणाच्या भोवतीची माणसे सुरक्षित होती का?

आता कायद्याचे बघू. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना काही अटींवर : लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा दहा लाख घनमीटर किंवा जास्त, वगैरे. या कायद्यात पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी आहे, धरण फुटल्यास काय करायचे याचा आराखडा पाच वर्षांत करण्याचे बंधन आहे, हयगयीला शिक्षा आहे. सर्व चांगलेच. पण दहा मीटरच्या आतला बांध या कायद्याला दिसतच नाही. आपल्या ओढ्यावरचे बहुतेक बांध त्यातच मोडतात.

ही गोष्ट आम्हाला जास्त टोचते, कारण या देशाच्या जलनियोजनाचा पाया बाबासाहेबांनी घातला. जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीच्या काठचा मातीचा बांध फुटला, रेल्वे आणि रस्ता तुटला, खेडी बुडाली. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे-वीज हे विषय त्यांच्याकडे होते. नुसते बांध उंच करत बसण्यापेक्षा सगळ्या खोऱ्याचा एकत्र विचार करा, पूर, सिंचन, वीज, वाहतूक हे सगळे एकाच योजनेत आणा, ही दिशा त्यांनी दिली. दामोदर खोरे योजना त्यातून आली. ८ नोव्हेंबर १९४५ ला कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांबद्दल त्यांनी हेच मांडले. १९४५ मध्येच केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, तोच आजचा केंद्रीय जल आयोग. नव्या कायद्याखालच्या राष्ट्रीय धरण सुरक्षा समितीचे अध्यक्षपद याच आयोगाच्या अध्यक्षांकडे आहे. बाबासाहेबांच्या हातून जन्मलेल्या संस्थेचा वारस देशातल्या मोठ्या धरणांची काळजी घेतो, आणि बाबासाहेबांच्या माणसांच्या वस्तीवरचा बांध त्याच्या यादीत नाही!

मग तो कुणाच्या यादीत आहे? शंभर हेक्टरपर्यंतची कामे जिल्हा परिषदेकडे, त्यावरची मृद व जलसंधारण खात्याकडे, मोठी जलसंपदाकडे, अशी वाटणी कागदावर आहे. एका पाझर तलावाच्या गळतीची तक्रार घेऊन आम्ही एका कार्यालयात गेलो. त्यांनी दुसरे कार्यालय दाखवले. दुसऱ्यांनी सांगितले, काम रोजगार हमीतले आहे, जुने आहे, आमच्याकडे नकाशा नाही. तिसऱ्यांनी ग्रामपंचायतीकडे बोट केले. ग्रामपंचायतीला बांधाची उंचीही माहीत नव्हती. मासेमारीच्या ठेक्याची रक्कम मात्र सगळ्यांना पाठ होती. गाळमुक्त धरण योजनेत त्याच तलावातून जेसीबीने गाळ निघाला, तो जमीनवाल्यांच्या शेतात गेला. गाळ काढताना बांधाच्या अगदी पायाजवळ खोल खणू नये, त्याने पाया उघडा पडतो, हे कुणी बघितले होते का, याला उत्तर मिळाले नाही.

कायदा अपुरा आहे म्हणून हात बांधून बसायचे कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि धोक्याच्या जागा ओळखून आराखडा करणे हे त्या प्राधिकरणाचे काम आहे. तिथे बांधाच्या उंचीची अट नाही. वस्तीच्या वर बांध आहे एवढे पुरे. माहिती अधिकारात मागायचे ते असे : बांधाचे वर्ष, उंची, लांबी, सांडव्याची रुंदी, मालकी कुणाची, शेवटची तपासणी कधी, शेवटची दुरुस्ती किती रुपयांची. लेखी उत्तरात माहिती उपलब्ध नाही असे आले तरी ते जपून ठेवा, तोही पुरावाच आहे.

१ मेची ग्रामसभा पावसाळ्याच्या अगदी तोंडावर असते. त्या दिवशी सांडवा साफ करणे, झुडपे काढणे आणि पिचिंग बसवणे ही कामे रोजगार हमीच्या आराखड्यात घ्या, असा ठराव मांडता येतो. मजुरी आपल्याच वस्तीतल्या बायामाणसांना मिळेल, आणि या वेळी त्यांना ठाऊक असेल की आपण कुणाच्या घरासाठी माती टाकतो आहोत. विहारात रविवारी वंदनेला जमता तेव्हा चार पोरे बांधावर जाऊन येऊ द्या. पायथ्याला ओल कुठे आहे, पाणी स्वच्छ की गढूळ, माथा कुठे खचला, सांडव्यात काय अडकले, याचे फोटो तारखेसह ठेवा. जूनमध्ये एकदा, पोळ्याच्या सुमाराला एकदा, आणि परतीच्या पावसात रोज. गढूळ पाणी दिसले तर आधी खालची वस्ती उठवा आणि त्यानंतर तहसीलदारांना फोन करा.